बिनआवाजाचा संगणक

नव्वदचे दशक सरत आले होते आणि आम्ही केडगावात दोन खोल्यांच्या घरात राहत होतो, तेव्हा माझ्या यजमानांनी लग्नानंतर पहिल्यांदाच स्वतःसाठी काही मागितले. कारखान्याच्या कामाला ते पुण्याला गेले होते आणि तिथे एका जुन्या वर्गमित्राच्या घरी त्यांनी संगणकावरचा मोटारशर्यतीचा खेळ पाहिला होता. परतल्यावर ते जेवायला बसले. ताटातल्या पिठल्यात भाकरीच्या तुकड्याने त्यांनी एक वळणावळणाचा घाट काढला, तो तुकडा घाटातून सावकाश फिरवला आणि म्हणाले, "मला एक कॉम्प्युटर घ्यायचा आहे."

"हिशेबाला?" मी विचारले.

"नाही. गाडी चालवायला."

आमची गाडी म्हणजे एक मोपेड होती. दोघांना घेऊन ती वाऱ्याच्या विरुद्ध निघाली, की बहुधा वारा जिंकत असे. पुण्याच्या त्या पडद्यावर मात्र तांबडी, बसकी मोटार होती, एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि वळणावर चाकांखालून धूर निघत होता. काशीहून आलेल्या माणसाच्या स्वरात त्यांनी मला हे सारे सांगितले. शेवटी आवाज खाली आणून म्हणाले, की समुद्र खरोखर हलतो.

मी तेव्हा नगरच्या एका महाविद्यालयात मराठी शिकवीत असे आणि कविता लिहीत असे. पहिला संग्रह दिवाळीनंतर प्रकाशकांच्या हाती द्यायचा होता, आणि तो पुरा करायला दिवसातला एकच काळ माझा होता: दिवेलागणीपासून कुकर लावीपर्यंतचा. बाहेरच्या खोलीत, खिडकीपाशी, घरातल्या एकुलत्या एका टेबलाच्या डाव्या अर्ध्यावर मी बसे. पुणे रस्त्यावरच्या मालमोटारी त्या वेळी दूरच्या पाण्यासारख्या वाहत. कुठेतरी परतल्या जाणाऱ्या कांद्याचा वास गजांमधून आत येई, टेबलाच्या लाकडात दिवसभराचे ऊन अजून उबदार असे, आणि शब्द मांजरासारखे, आपल्याला बोलावलेलेच नाही असे दाखवीत जवळ येऊन बसत. मांजराला भांडे पडल्याचा आवाज चालत नाही.

माझे कान लहानपणीच तयार झालेले. शाळेतल्या बाई वृत्ते म्हणून घेताना एक मात्रा हुकली तरी पुन्हा पहिल्या ओळीवर पाठवीत. त्या शिक्षणाचा परिणाम असा, की फ्रीजची मोटर सुरू होण्याआधी जो दम घेते तो मला ऐकू येई, आणि मोरीतला नळ वृत्तात गळतो आहे की मुक्तछंदात, हे मी अंथरुणातून सांगू शके. यजमानांचे कान याच्या नेमके उलट. नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, लोखंडी पत्रे ठोकून आकार देणाऱ्या प्रेसच्या विभागात ते वर्षानुवर्षे सुपरवायझर होते. त्या धडधडीत बारीकसारीक सगळे आवाज त्यांच्यापुरते जगातून निघून गेले होते. डास त्यांना चावत असत, पण गुणगुणत फक्त माझ्यासाठी.

त्यामुळे पुण्याचा तो संगणक अजिबात वाजत नव्हता, या त्यांच्या साक्षीला माझ्या लेखी किंमत नव्हती. आमच्या प्राचार्यांच्या कार्यालयात नुकताच एक संगणक आला होता. तो सुरू झाला, की बाहेरच्या बाकावर बसलेल्या पालकांना पिठाची गिरणी आठवत असे. संध्याकाळी कामावरून आल्यावर तसले काही माझ्या टेबलाच्या उजव्या अर्ध्यावर, नेमक्या माझ्या वेळात चालणार होते.

"माझ्या वेळात त्याचा आवाज मला ऐकू येता कामा नये," मी म्हणाले. "मग तो कितीही मोठा कॉम्प्युटर असो."

त्यांनी थोडा विचार केला. "आवाज आला, तर आमच्या स्टोअरच्या साहेबांना देऊन टाकीन. ते असंही एक शोधतायत."

"शब्द?"

"शब्द."

प्रेस विभागात दिलेला शब्द मोठ्याने दिलेला असतो. भिंतीपलीकडे शेवगावच्या मावशी राहत, त्यांनीही तो ऐकला आणि दुसऱ्या दिवशी पाण्याच्या वेळी मला सांगितले, की भाऊंचं लई मन हाय त्या मशीनवर, तवा जरा कान आखडता घ्या.

पैशाची मर्यादा मात्र कानांसारखी आखडता येणारी नव्हती. कारखान्यातल्या भिशीत त्यांचा नंबर लागला होता आणि हाती आलेले पन्नास हजार हीच हद्द होती. तिच्या आत शर्यतीला पुरेल असा उत्तम आणि माझ्या कानाला पुरेल असा मुका संगणक बसवायचा होता. कागदावर योजना करणे त्यांना जमत नसे. कारखान्यात पत्र्यावर खडूने आखायची सवय, म्हणून त्यांनी स्वयंपाकघरातल्या काळ्या कडप्प्याच्या ओट्यावर चौकोन आखले. एकात विचार करणारा प्रोसेसर, दुसऱ्यात सगळ्यांना जोडून धरणारा मदरबोर्ड, तिसऱ्यात समुद्र हलवणारे ग्राफिक्स कार्ड, आणि कडेला, पोळपाटाच्या जागी, सतरा इंचांचा मॉनिटर. प्रत्येक चौकोनात त्याची किंमत. पोळ्या करताना माझा हात जिथे लागेल तिथला भाग पुसला जाई. एका सकाळी कणकेच्या हाताने मी मॉनिटर पंधरा इंचांचा केला. बेरीज अचानक जुळल्यामुळे त्यांनी तो तसाच राहू दिला.

त्या ओट्यापाशी माझे जे शिक्षण झाले ते असे. प्रोसेसर जितक्या वेगाने विचार करतो तितका तापतो. तापला, की त्याला पंखा लागतो. आवाज विचारांचा नसतो, पंख्याचा असतो. कवींचेही साधारण असेच होते, फक्त त्यांना कोणी पंखा लावत नाही. तेव्हा वेग वाढवला की आवाज वाढे, आवाज कमी करावा तर वेग जाई, आणि दोन्ही हवे असेल तर खडू हद्दीबाहेर जाई. सर्वांत वेगवान प्रोसेसर त्यांनी तीन दिवस चौकोनात ठेवला, रोज येताजाता त्याच्याकडे पाहिले, आणि मग स्वतःच्याच तळहाताने पुसून एक पायरी खालचा लिहिला. उरलेल्या पैशांत मोठा, संथ फिरणारा पंखा आला. शांततेला असा दर असतो, हे मला कोणत्याही काव्यशास्त्राने शिकवले नव्हते.

पंखा निवडायला माझे कान लागणार होते. सावेडीच्या रस्त्यावर एक दुकानदार सुटे भाग आणून संगणक जोडून देत असे. त्याच्या दुकानात मी खुर्चीवर बसले आणि आधी छताचा पंखा बंद करायला सांगितला. मग शटर अर्धे ओढायला लावले, कारण बाहेरच्या रिक्षा मध्ये मध्ये येत होत्या.

"मॅडम, लोक कॉम्प्युटर बघायला येतात," तो यजमानांकडे पाहत म्हणाला.

"ही ऐकायला आली आहे," यजमान म्हणाले, जणू ही एक नेहमीची सोय आहे.

त्याने एकामागून एक पंखे तारांना जोडून फिरवले. मी डोळे मिटले. पहिला सर्दी झाल्यासारखा श्वास घेत होता. दुसऱ्याच्या सुरात एक धातूची कड होती, ताटाच्या काठावर नख ओढावे तशी. तिसरा बराच वेळ बरा वाटला आणि मग मध्येच त्याला काहीतरी आठवून तो कण्हला. चौथ्या पंख्याच्या वेळी अर्ध्या शटरखालून दोन गिऱ्हाइके वाकून आत आली. अर्धवट अंधार, बंद पंखा, मिटलेले डोळे आणि माना खाली घातलेली आम्ही तीन माणसे पाहून त्यांनी चपला काढल्या, हात जोडून घेतले आणि गंभीरपणे एका बाजूला उभी राहिली. पुष्कळ वेळाने त्यांतल्या एकाने दुकानदाराला हळूच विचारले, "वडील होते का?"

चौथा पंखा घेतला. तो फिरताना फक्त हवा हलल्यासारखी वाटे.

बाकीचे मौन यजमानांनी नागापूरच्या पद्धतीने घडवले. आतली तबकडी, जिच्यावर सगळे साठते ती हार्ड डिस्क, कुरकुरते म्हणून त्यांनी ती सायकलच्या ट्यूबच्या पट्ट्यांत झोळीतल्या बाळासारखी टांगली. संगणकाच्या पेटीच्या पायांना कारखान्यात यंत्राखाली घालतात तसले रबर लावले. वीज गेली, की संगणक चालू ठेवणारा बॅटरीचा खोका शीळ घाली, आणि केडगावात वीज जाई ती नेमकी माझ्या वेळात. त्या शिळेची जीभ त्यांनी कथलाचे दोन टाके काढून कायमची बंद केली. पण त्यांचा खरा अभिमान पेटीच्या झाकणात होता. गरम हवा वर जाते, तिला वाट दिली तर पंखा आणखी सावकाश चालवता येईल, असा विचार करून त्यांनी वरचे झाकण कारखान्यात नेले, साहेबांची परवानगी घेतली आणि स्वतःच्या प्रेसवर त्याला भोकांची जाळी पाडून आणली. भोके इतकी नेमकी होती, की झाकण उन्हात धरले तर फरशीवर प्रकाशाची रांगोळी पडे. आयुष्यभर ज्या यंत्राने त्यांचे कान घेतले, त्याच्याकडून त्यांनी शांततेसाठी काम करून घेतले होते. मी ते बोलून दाखवले, तेव्हा ते म्हणाले की भोकं पाडायचा चार मिलिमीटरचा डाय होता म्हणून जमलं.

गणपतीत यंत्र घरात आले. दिवेलागणीला मी डाव्या अर्ध्यावर बसले. त्यांनी उजव्या अर्ध्यावरचे बटण दाबले आणि पडद्याकडे न पाहता माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिले, कारण आवाज मोजायचे त्यांचे एकमेव यंत्र तेच होते. मी ऐकले. दूरच्या मालमोटारी, मावशींच्या घरातला पाट सरकल्याचा आवाज, माझ्याच बांगडीचा टेबलाला झालेला स्पर्श. बाकी काही नाही. मी मान हलवली. चाळिशीच्या त्या माणसाने खुर्चीत बसून सीट पुढे ओढल्यासारखे केले आणि समुद्राच्या कडेने निघून गेला.

आमच्या योजनेत एक चौकोन राहून गेला होता, तो चालकाचा. कीबोर्डच्या कळा ते प्रेसचे बटण दाबावे तसे दाबत. डावे वळण आले की सगळे अंग डावीकडे कलंडे आणि टेबलही थोडे कले. माझ्या एका कवितेत पाखरे उडायची होती, तिथे पेनाची रेघ त्यांच्याबरोबर वळण घेऊन समासाबाहेर गेली. पुढची गाडी हटली नाही, की ते तिला अत्यंत आदरपूर्वक "अहो, सरका की बाजूला" असे सांगत. पण यंत्राचा आवाज नव्हता, आणि अट यंत्राविषयी होती. मी नवी ओळ घेतली.

मोटारीचा आवाज मला त्रास देऊ नये म्हणून त्यांनी तो सुरुवातीपासून बंदच ठेवला होता. मुक्या मोटारीत मजा नाही हे लक्षात आल्यावर त्यांनी कानांवर बसणारे हेडफोन आणले. त्यामुळे मोटारीचा आवाज त्यांना पुरता मिळाला आणि स्वतःचा आवाज पुरता नाहीसा झाला. एका संध्याकाळी, मी एका शब्दापाशी पुष्कळ वेळ थांबले असताना, ते दोन हातांवरून, प्रेस विभागाच्या पूर्ण आवाजात म्हणाले, "जरा चहा ठेवतेस का?"

मी उठायच्या आत भिंतीपलीकडून मावशींचा आवाज आला. "ठिवलाय, भाऊ. या हिकडंच."

ते अर्थातच त्यांना ऐकू आले नाही. मी जाऊन चहा घेऊन आले. गवती चहा घातला होता, आणि त्या वासाबरोबर मघाचा अडलेला शब्द आला. असे का झाले ते मी तपासले नाही. महिनाभरात संग्रहातल्या सात नव्या कविता त्या कलणाऱ्या टेबलावर झाल्या.

मग खंडेनवमी आली. नागापूरला त्या दिवशी यंत्रे धुतात, पुसतात, झेंडूच्या माळा घालतात आणि चालवत नाहीत. वर्षभर राबलेल्या हत्याराला एक दिवस देवाचा. यजमान कारखान्यातली पूजा आटोपून आले, हातात प्रसादाच्या पेढ्यांचा पुडा, कपाळावर कुंकू, आणि दारातच म्हणाले, की आता आपल्याही मशीनची करायची. मी तयारीतच होते. नगरच्या आसपासच्या मळ्यांतला झेंडू त्या दिवसांत टोपल्यांनी येतो, त्याच्या कडवट, उन्हाळी वासाने घर भरले होते. संगणकाला मी दोन पदरी माळ घातली, पडद्याच्या वर हळदकुंकवाची बोटे ओढली, ओवाळले आणि अक्षता वाहिल्या. अक्षता वाहताना माझा हात नेहमीच सढळ. माहेरची शिकवण अशी, की देवावर अक्षता पडल्याचा आवाज आला पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढून मी तिच्यापुढे माझ्या कवितांचे बाड आणि पेन ठेवले. आमच्याकडे पूजेत ठेवलेले पेन त्या दिवशी उचलत नाहीत, विद्येलाही एक दिवस विश्रांती. संध्याकाळी यजमानांनी सीमोल्लंघन म्हणून तांबडी मोटार काढायचे ठरवले, आणि त्याच सुमारास स्टोअरचे साहेब आपट्याची पाने घेऊन सोने द्यायला आले.

स्टोअर म्हणजे कारखान्यातली सर्वांत शांत जागा. साहेबांचे कान नवेकोरे होते. पाने देऊन झाल्यावर ते टेबलाजवळच्या खुर्चीत बसले आणि हसत म्हणाले, "वहिनी, तुमची अट सगळ्या कारखान्याला माहीत आहे. उगाच आपलं, टेम्पोवाल्याला बोलून ठेवलंय."

यजमानांनी बटण दाबले.

टक्. मग थोडे थांबून, टक्. मग टक् टक् टक्, नख कवडीवर आपटावे तसे, बारीक पण स्वच्छ, आणि पेटीच्या आतून. यजमानांना त्यातले काहीच ऐकू आले नाही. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे पाहिले आणि तिथे सगळे वाचले. त्यांचा हात बटणाकडे परत गेला. न रागावता, न कुरकुरता, शिफ्ट संपल्यावर यंत्र बंद करणाऱ्या माणसाचा तो हात होता. त्याच्या अंगठ्याला अजून कालच्या पूजेची हळद होती.

"येतोय की हो आवाज," साहेब खुर्चीत पुढे सरकून म्हणाले.

"कुठे?" मी म्हणाले. "मला तर काही ऐकू येत नाही."

"अहो वहिनी, टक टक टक. स्पष्ट."

"ते भिंतीवरचं घड्याळ."

घड्याळ श्रावणापासून बंद होते. साहेबांनी त्याच्याकडे पाहिले. मग माझ्याकडे पाहिले, आणि सज्जन माणूस असल्यामुळे हातातला पेढा संपवून उठले. टेम्पोवाल्याला सांगायला हवं, असे काहीसे म्हणत ते गेले.

यजमानांनी यंत्र बंद केले. "येत होता ना?"

"येत होता."

"पंख्याचं बेअरिंग गेलं असणार. मीच फार हळू चालवला." ते उभे राहिले आणि माळ्यावरचा खोका काढायला स्टूल शोधू लागले. "शब्द दिलाय मी. त्यांना उद्या निरोप देतो."

"शब्द माझ्या वेळेपुरता होता," मी म्हणाले. "आज माझी वेळ नाही. माझं पेन पूजेत आहे."

ते स्टुलावर एक पाय ठेवून थांबले. सरस्वतीच्या पाटीकडे पाहिले, झेंडूच्या दोन फुलांखालच्या पेनाकडे पाहिले, आणि या युक्तिवादात कुठे भोक आहे का, हे त्यांच्या सवयीने तपासले. मिळाले नाही. मग स्टूल सोडून ते पेचकस घेऊन आले.

झाकण काढायच्या आधीच मला सगळे समजले होते. त्यांनी पाडलेल्या त्या नेमक्या भोकांमधून माझ्या सढळ हाताच्या अक्षता नेमक्या आत गेल्या होत्या. मदरबोर्डवर हळदीने पिवळे झालेले तांदूळ मांडवात पडावेत तसे पसरले होते, आणि पंख्याच्या पात्यांच्या चौकटीत एक अखंड दाणा आणि झेंडूची एक पाकळी अडकली होती. सावेडीच्या त्या दुकानात डोळे मिटून निवडलेल्या मौनात मी स्वतःच्या हाताने, मंत्र म्हणत, दाणे टाकले होते.

यजमानांनी पाकळी चिमटीत धरून वर केली. "बेअरिंग नाही गेलं," ते म्हणाले, आणि इतके हसले की मावशींच्या घरातली भांडी घासायची थांबली. मी रांगोळीच्या डब्यातला जुना मऊ ब्रश आणला आणि आम्ही दोघांनी, लग्नातल्या अक्षता वेचाव्यात तसे, एकेक दाणा वेचून वाटीत ठेवला. शेवटचा दाणा हार्ड डिस्कच्या झोळीत सापडला. पुढच्या वर्षीपासून अक्षता पेटीच्या शेजारी पाटावर वाहायच्या आणि आवाज पाटावर आला तरी देवाने तो मानून घ्यायचा, असे ठरले.

झाकण बसले. माळ मात्र त्यांनी परत घालू दिली नाही, ती मॉनिटरच्या पायाशी ठेवली. मग ते खुर्चीत बसले, हेडफोन कानांवर चढवले, बटण दाबले, आणि मोटार समुद्राच्या पहिल्या वळणावर येताच, दोन हातांवरच्या माझ्याकडे न वळता, पूर्ण आवाजात विचारले, "येतोय का गं आता आवाज?"

मी कान दिला. उत्तर द्यायला तोंड उघडले, तोच भिंतीपलीकडून मावशी म्हणाल्या, "न्हाई, भाऊ. आता काईच येत न्हाई."